बदल्यात

ऑर्विलचं म्हणणं, तो डावखुरा पिचर द्यायलाच नको होता,
तेही मिसरूड न फुटलेल्या दोन पोरांच्या बदल्यात.
दुभती गाय विकून दावं घेतलं यांनी!

डेल्मर काउंटरवर कप आपटतो.
खांदा गेलाय त्याचा. तू अजून
मागच्या ऑक्टोबरातच बसलायस.

आणि मग कुणी न बोलावता
निवडणूक येऊन बसते तिसऱ्या स्टुलावर.

‘तूही पक्ष बदललासच की.
तुझ्या बदल्यात काय मिळालं रे आम्हाला?’

डेल्मर सिरपची बाटली पुसत राहतो,
पुसून झाली तरी.
यंग्सटाउनची भट्टी विझली त्या वर्षी
एका फोनवर टेक्सासला धाडलं होतं त्याला.
अकरा महिने. बायको इथंच.
तेव्हा कुठल्या पक्षानं विचारलं होतं?
हे तो बोलत नाही.

लुसिल कॉफी ओतता ओतता टीव्हीकडे बघते.
‘बसमध्ये कळलं म्हणे बिचाऱ्याला.’

पडद्यावर पाठमोरा डावखुरा,
गाडीत सामान भरतोय,
डाव्या खांद्यावर मुलीची गुलाबी सायकल.

बराच वेळ कुणी काही बोलत नाही.

मग ऑर्विल, हळूच:
बघ. खांदा ठीक आहे त्याचा.