कूलर बंद, रेकॉर्डिंग चालू

बावीस वर्षं मी एकच वाक्य सांभाळलं,
पत्र्यावर रंगवलेलं, दारावर टांगलेलं:
शांतता राखा.
शेवटचा काना केव्हाच उडाला,
मुलं 'शांतत राखा' वाचायची
आणि राखायची, जमेल तितकी.

आता त्याच पाटीखाली
एक माइक उभा आहे, तुरीच्या दाण्याएवढा लाल डोळा उघडून.
शाळेनं नाही दिला. भिशी लागली तेव्हा
सीताबर्डीतून मीच आणला.
दुकानदार म्हणाला, गाणं म्हणता का मॅडम?
नाही, म्हटलं. ऐकते.

एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये
कूलरशिवाय कुणीच नव्हतं.
रुचिरा हेडाऊ तीन मिनिटं बोलली होती,
कोल्ह्याच्या गोष्टीवर, हातवारे करून.
ते सगळं वाळ्याच्या वाऱ्यात गेलं.
मग ठरलं, सात मिनिटं कूलर बंद.
"मरून जाऊ ना मॅडम!" तौसीफ ओरडला,
आणि बटणाकडे धावला तोच.

खिडक्यांना माझ्या घरच्या चादरी.
कपाटांच्या मधल्या फटीत
गुंडाळलेले नकाशे, आफ्रिका, आशिया, फाटका विदर्भ,
कारण उघडी भिंत आवाज परत फेकते.
हे मला रात्री साडेअकराला एका व्हिडिओनं शिकवलं.
शेजारी नवरा घोरत होता
आणि मी कानात बोंडं घालून
प्रतिध्वनी म्हणजे काय ते समजून घेत होते,
एकावन्नाव्या वर्षी.
ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत हे नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, याचे गुण कुठे धरायचे?
मी म्हटलं, बघू.
बघू हा शब्द फार उपयोगाचा आहे.

मुलांनी पुस्तकातलं पान वाचून दाखवावं,
एवढंच माझ्या डोक्यात होतं.
भाविक सोनकुसरे कधी पुस्तक नेत नाही,
त्याच्या कार्डावर माझा शिक्काच नाही.
तो आला माइक बघायला.
पान त्याच्या हाती मीच दिलं, समुद्राचं.
दोन ओळी वाचल्या त्यानं आणि थांबला.
घामाचा थेंब कागदावर पडला.
मग म्हणाला,
"समुद्र मी पाह्यला नाही.
फुटाळा पाह्यला.
त्याले पलीकडचा काठ आहे."

संध्याकाळी ते कापायला बसले.
पडद्यावर आवाज डोंगरांसारखा दिसतो,
मुलांच्या खोकल्याचेसुद्धा डोंगर.
त्या थांबण्याच्या जागी सपाट रेघ होती,
चार सेकंद.
यंत्रात एक बटण आहे:
शांतता काढून टाका.
एका टिचकीत जाते म्हणे, सगळी.
मी बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले.
बावीस वर्षांची पाटी होती माझ्या मागे.
हेडफोन घट्ट दाबला तेव्हा कळलं,
त्या सपाट रेघेतही काहीतरी आहे:
बंद कूलरमधून टपटपणारं पाणी,
आणि तौसीफचा दाबून धरलेला श्वास.
ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दाखल नोंदवही काढली.
सवयच तशी. जे आत आलं त्याला क्रमांक.
अकरा हजार दोनशे सात.
लेखक: सोनकुसरे, भाविक. इयत्ता सातवी ब.
पृष्ठे या रकान्यात लिहिलं, दोन मिनिटं दहा सेकंद.
किमतीशी पेन अडलं.
शिक्का कुठे मारायचा तेही कळेना,
म्हणून नोंदीवरच मारला, जरा तिरपा पडला.

निकालाच्या दिवशी भाविकची आई आली,
हातात पिशवी, पिशवीत दुपारचा डबा.
कामावरून मधेच आली होती.
मी मोबाइलवर लावून दिलं.
स्पीकर करते म्हटलं, तर तिनं तो कानालाच लावला,
भाविकचाच फोन आल्यासारखा.
हो, म्हणाली. हो.
मान हलवत होती.
मग ते चार सेकंद आले.
ती वाट बघत उभी राहिली,
आणि हळूच, फोनमध्ये,
"मंग?"