हात वर

दुखणं असं जागा बघून बसलं
की माझाच हात पोचू नये.
दोन फऱ्यांच्या मधे, कण्याच्या डाव्या अंगाला,
रुपयाएवढं.
दाराच्या चौकटीला घासलं, लाटण्यानं दाबलं,
धाकट्याला म्हटलं, टाच ठेव रे जरा.
"कुठं, आई?"
"वर. अजून वर. न्हाई, गेलं बघ तिथनं."

हुपरीत आमच्या गल्लीत दुपार म्हणजे
पैंजणाच्या कड्यांचा बारीक आवाज.
कडीत कडी, चिमटा, डाग, फुंकर.
मापं येतात, पाय कधी दिसत नाहीत.
बावीस वर्षं मी खालीच बघत आले,
इतकी, की समोरच्या मगदुमांनी माडी चढवली
ते मला कळलं
त्यांची सावली माझ्या पाटावर आली तेव्हा.

चंपाकाकी म्हणाल्या, उसण भरलीया,
पायाळूची लाथ खा.
गल्लीत पायाळू एकच, देवाप्पा चौगुल्यांचा पायगोंडा,
पतसंस्थेत कारकून.
त्यानं लाजत लाजत लाथ मारली
आणि लगेच वाकून पाया पडला.
हसून हसून पाठ आणखी दुखली.

मग तालमीच्या पायरीवरचे म्हातारे वस्ताद.
तेलाचा अंगठा मणक्यावरनं खाली उतरवत म्हणाले,
"पोरी, हाड जाग्यावर हाय.
तुझं बसणं जाग्यावर न्हाई."
मला ते तेव्हा टोचलं.
जसं काही मी बसायला म्हणून बसते.

शेवटी केएमटीनं सीपीआर.
फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही नाही.
काही नाही म्हटल्यावर रडू येतं
हे मला त्या बाकावर कळलं.
पण आतल्या खोलीत शिकलगार मॅडम होत्या,
माझ्या थोरलीच्या वयाच्या.
हाताला मुंग्या येतात? छातीत धरतं? चढताना दम?
सगळ्याला न्हाई म्हटलं, तशा त्या
फरशीवर माझ्यासमोर मांडी घालून बसल्या
आणि म्हणाल्या, दाखवा, काम कसं करता.

मी पेनचा चिमटा केला.
त्यांनी मागं जाऊन बरोबर तिथं बोट ठेवलं.
"डोकं पाच किलोचं असतं, काकी.
खांद्याच्या सरळ वर धरलं तर मान सोसते.
असं पुढं लोंबतं ठेवलं, की मागनं ही जागा
दिवसभर दोरी ओढून उभी."
पाच किलो!
तेवढी चांदी वाहिली असती तर
शेठनं मजुरी तरी दिली असती.

आता पाट चार विटांवर.
चिमटा छातीजवळ येतो, मी चिमट्याकडं जात नाही.
वीस कड्या झाल्या की उठायचं,
टॉवेलची गुंडाळी पाठीखाली घालून पाच मिनिटं पडायचं,
फरे मागं एकमेकांकडं न्यायचे,
जणू मधे सुपारी फोडायचीय.
पहिल्या आठवड्यात जास्तच दुखलं.
वजन कमी भरलं म्हणून शेठ बोलले.
मी म्हटलं, कमीच भरंल.
एवढं उलटं मी कधी बोलले नव्हते.
पाठीशी त्याचा काही संबंध असेल नसेल.

गेलंय असं म्हणणार नाही.
लग्नसराईत रात्री जागले की येतंच,
तसंच, रुपयाएवढं.
पण आता मला घाबरवत नाही,
आणि चौकटीला घासावंसं वाटत नाही.

रोज अकराला आम्ही चौघी
मगदुमांच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहतो.
टाचा, ढुंगण, फरे, डोकं, सगळं भिंतीला,
आणि हात भिंतीवरनं सरकवत वर.
चंपाकाकींचे कानापर्यंतच जातात.
परवा शाळेला उशीर झालेलं एक पोरगं
सायकल थांबवून बघत राहिलं.
"काय ओ, पोलिसांनी धरलंय काय?"

"व्हय," काकी म्हणाल्या, हात तसेच वर.
"लई वर्सं फरार हुतो."