अठ्ठावीस मिलिमीटर

यांची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत.
तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजतात, अठ्ठावीस मिलिमीटर.
हे आधी माहीत असतं
तर नारबाअण्णांशी एवढा वाद घातला नसता.

उद्यमनगरात, शेडच्या मागे,
पंपांचे साचे थंड होत असताना
रेडिएटरवाल्याकडून आणलेलं कथील वितळवून
मी आठवड्याला पाच-सहा शिपाई ओततो.
मालक म्हणतो, पोरं कॉलेजला गेली आणि तुझं हे.
मी कानस चालवत राहतो.
साच्याची शिवण डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते.
सोडली
तर रंग दिल्यावर तीच पहिली दिसते.

प्रायमर मोटारींचा, करडा.
दमट हवेत मारला की सगळ्या पलटणीला पुरळ उठतं,
एक जुलै असाच गेला.

बापट कॅम्पात नारबाअण्णा माजगावकरांनी
माझा पहिला शिपाई चिमटीत धरून उन्हात फिरवला.
"एवढ्याशा माणसाला एवढा रंग?
श्वास कुठनं घेणार त्यो?"
मग वाटीत पाणी घेतलं, त्यात रंगाचा थेंब.
"गंगावेशीच्या गवळ्याला सांगू नको,
पण हितं पाणी घालायचंच.
एक हात दिला की वाळू दे. जा, च्या पिऊन ये.
मग दुसरा."

त्या महिन्यात मी फार चहा प्यायलो.

काजळी पाण्यात ढवळून अंगावरून सोडली
की ती आपली आपण जाते
पट्ट्याखाली, काखेत, पागोट्याच्या दुमडीत.
सावलीला वाट दाखवावी लागत नाही.
उजेडाचं तसं नाही.
ब्रश वर्तमानपत्रावर पुसायचा, पुसायचा,
रंग संपला असं वाटलं की मग
नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा,
झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

भांडण डोळ्यांवरून झालं.
मी म्हणालो, डोळे आधी.
चुकले तर कातडीच्या रंगानं कडा झाकता येतात.
"डोळं शेवटाला," अण्णा म्हणाले.
"उघडलं की बघतंय ते.
मग अंगाला हात लावायचा न्हाई."
अण्णा, हा देव नाही, शिपाई आहे.
"मग तर जास्तच. देवाला सवय हाय."

दोन वर्षं झाली, आखणी सूनबाई करतात.
अण्णांचा हात थरथरतो,
ते गणपतींची पाटं मोजतात, पावत्या फाडतात.
तरी त्या दिवशी त्यांनी तीन केसांचा ब्रश मागून घेतला,
मनगट मनगटावर टेकवलं,
श्वास सोडला, आणि परत घेतलाच नाही
डावा ठिपका बसेपर्यंत.
उजवा जरा सरकला.
सून चुलीपाशी उभी होती, तिनं पाहिलं. मीही पाहिलं.
अण्णा म्हणाले, "झालं."

रविवारी मुबारक बागवानच्या गच्चीवर
प्लायवुडची खिंड, थर्माकोलचा डोंगर.
शिपायाच्या पायाखाली पंचगंगेच्या घाटावरची वाळू,
चहाच्या गाळणीनं चाळलेली.
अकरा संध्याकाळी लागल्या होत्या त्याला.
मुबारकनं फासा टाकला: सहा.
मी टाकला: एक.
नियमाप्रमाणे त्याला आडवा ठेवला.

पहिल्याच फेरीत.
अजून खाली कुणीतरी भाजी घेत होतं,
घासाघीस संपली नव्हती.

मुबारकनं त्याला उचलून डोळ्याजवळ नेलं.
"हा बघतोय कुठं रे?"
त्याच्या खांद्यावरून पलीकडे,
टाकीच्या मागे, जिथं काहीच नव्हतं.
मी म्हणालो, "त्याचं तो बघेल. तुझी चाल."

दुरुस्त करता आला असता.
टोकाएवढा पांढरा, टोकाएवढा काळा, दोन मिनिटं.

चपलांच्या खोक्यात फोम कापून प्रत्येकाची जागा केली आहे.
रात्री झाकण लावताना बोटभर फट ठेवतो.
बायको विचारते, तर सांगतो
वार्निश ओलं आहे अजून.