जेवणानंतर एक तास

नाझमिये दुकानात येते तेव्हा
आधी ओल्या रबरी बुटांचा वास येतो,
मग ती.
काउंटरवर कोपरं टेकते, म्हणते,
"पोरी, ह्याचं काहीतरी कर,"
आणि दोन्ही तर्जन्यांनी दाखवते
डोळ्यांखालची जागा,
जिथे पेल्याच्या बुडाशी राहिलेल्या चहासारखं काही
वर्षानुवर्षं साचत आलंय.

धाकट्याचं लग्न. बावीस दिवसांवर.
फोटो निघणार, आणि फोटोत
शेजारी ती जाऊ उभी राहणार
जिनं त्राब्झोनला जाऊन, सुया टोचून घेऊन
तिथली खाच भरून आणलीय.

मी मागच्या फळीकडे पाहते.
कॉफीच्या अर्काचं क्रीम, क जीवनसत्त्वाचे थेंब,
गोगलगायीच्या बुळबुळीचं मलम,
हसू नका, खपतं.
सगळ्या खोक्यांवर एकच बाई,
जिच्या आयुष्यात कधी रात्र झालेलीच नाही.

झोप?
"डोळ्याला डोळा लागत नाही. पहिली तोड चालू आहे.
पोती उतारावरून खाली आणायची,
केंद्रावर नंबर लावायचा."
शिंका? "परागांच्या दिवसांत."
डोळे चोळतेस?
चोळता चोळताच ती नाही म्हणते.
आई?

इथे ती थांबते.
पाकिटातून एक फोटो काढते, कडा झिजलेल्या.
हेझलनटच्या झाडीत उभी एक बाई, डोक्याला रुमाल,
आणि डोळ्यांखाली तेच दोन ठसे.
"जमीन भावांना गेली," नाझमिये म्हणते,
"हे मला आलं."

मी तिला सांगते, जसं मला शिकवलं तसंच नाही,
थोडं सोपं करून:
तिथली कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढी,
खालचं रक्त निळसर होऊन वर दिसतं.
काहींचा तो रंग असतो, उन्हानं पक्का केलेला.
काहींची नुसती सावली, गाल उतरला की पडणारी.
क्रीम रंगाशी दोन शब्द बोलू शकतं.
सावलीशी नाही.
आईशी तर नाहीच.

मग तिची खालची पापणी ओढून पाहिली.
आत लाल हवं होतं.
आत कागद होता.

रक्त तपासून आली चार दिवसांनी,
डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. लोह तळाला गेलेलं.
मी गोळ्या मोजून दिल्या, आणि घसा साफ करून म्हणाले,
जेवताना चहा नको.
जेवणानंतर एक तास नको.
तो लोहाला दारातच अडवतो.

चायेलीत. जिथे गावाच्या नावातच चहा,
जिथे डोंगर वरपासून खालपर्यंत चहाचा,
जिथे कोणी मेलं तरी आधी किटली चढते,
तिथे मी हे म्हणाले.

नाझमिये इतकी हसली
की शेजारच्या न्हाव्यानं डोकं आत घातलं.
"आयुष्यभर मी त्याची पानं तोडली," ती म्हणाली,
"आणि तो माझ्या जेवणातून खातोय!"

मग मी तिला चहाच्या दोन पिशव्या दिल्या.
भिजवून गार कर, पिळून घे,
दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर.
सूज उतरेल. बाकी महिने लागतील.
"म्हणजे डोळ्यांवर चालतो?"
डोळ्यांवर चालतो.
"पोटात नको."
पोटात नंतर.

लग्न झालं. फोटो तिनं दाखवला.
ठसे होते तिथेच होते, पावडरीखाली.
जाऊ गुळगुळीत दिसत होती, पण कोणासारखीच नाही.
नाझमियेचं बोट मात्र नवऱ्यामुलावर होतं.
"बघ, ह्यालाही आलंय,"
आणि आवाजात तक्रार नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

आता तोड संपली. ती दुपारी येते कधीकधी,
डब्यातली मक्याची भाकरी आणि काळा कोबी
माझ्या स्टुलावर बसून खाते.
पोऱ्या बारीक कमरेचा पेला आणून ठेवतो,
ती त्याला हात लावत नाही.
वाफ विरते. ती माझ्याकडे पाहते,
"तू किती वाजता झोपतेस गं?"
मी उत्तर देत नाही, चष्मा वर सरकवते.
ती घड्याळाकडे बघते.

"अजून अकरा मिनिटं."