हॅडॉकच्या भावात

गेला अख्खा हिवाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर
दोन जहाजं नांगर टाकून होती.
'आयडर', प्रवासी तीनशे बारा.
'सोलव्हेग', दोनशे शहाऐंशी, बाल्कनी सगळ्यांना.
मी वहीत रकाने पाडले.
चाळीस वर्षं फेरीबोटीच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली,
हिशेब मला कोणी शिकवायला नको.

आयडर दिसायला स्वस्त,
पण वाइनचे वेगळे, इंटरनेटचे वेगळे,
बक्षिसी रोज माणशी अठरा डॉलर, न विचारता.
सोलव्हेग एकदाच घेते, पण पोटभर घेते,
आणि म्हणते, आता खिशाला हात लावू नका, बाई.
त्यात कपडेही धुऊन मिळतात. इस्त्रीसकट.
त्या ओळीखाली मी दोनदा रेघ ओढली.

एव्हरेट म्हणाला, "समुद्रावर जायला पैसे?
मला तर समुद्र पैसे द्यायचा."
त्याच्याकडे नाणं एकच, हॅडॉक मासा.
"माणशी किती?"
मी आकडा सांगितला.
"अकराशे किलो," तो म्हणाला, "साफ केलेला, डोक्याशिवाय.
आणि त्या बाल्कनीतून दिसणार काय?"
समुद्र.
तो इतका हसला की ठसका लागला.

मग मी एकटीचं काढलं.
एकट्या माणसाला दीडपट भाडं.
रिकाम्या उशीचेही घेतात.
हॅलिफॅक्सच्या एजंटबाईनं हे फार हळू आवाजात सांगितलं,
मी विधवा असल्यासारखं.
"नवरा आहे," मी म्हटलं, "खुर्चीत आहे."

लहान जहाजावर लपायला जागा नसते.
दुसऱ्या संध्याकाळी बारमधल्या आर्नेलला माझं नाव पाठ,
तिसऱ्या संध्याकाळी मला त्याच्या लेकीचं :
क्रिसांता, वय सहा.
तो सेबूहून निघाला तेव्हा तिचे दुधाचे दात होते,
करार संपेल तेव्हा नवे आलेले असतील.
समुद्र त्यालाही पैसे देतो.
हे कुठल्या रकान्यात घालायचं, मला ठरवता येईना.

बाकी गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून
लोक एकमेकांना एकच विचारत होते, तुम्हाला कितीला पडलं?
ओटावाच्या निवृत्त न्यायाधीशांना कळलं
की शेजारच्या केबिनला तीच केबिन सातशेनं कमी.
त्या रात्री त्यांनी गोड खाल्लं नाही.

सहाव्या दिवशी पत्रकात छापलेलं :
'रमणीय मासेमारी बंदर. साडेचार तास.'
लुनेनबर्ग. आमचं गाव.
मोठी जहाजं आमच्या खाडीत मावत नाहीत.
मला गावाचा नकाशा दिला, छत्री दिली,
धक्क्यावर जपून उतरा म्हणाले.

धक्क्यावर एव्हरेट, चांगली टोपी घालून.
"जेवायला काय देतात?"
"काल हॅडॉक होता."
"कुठला?"
"नॉर्वेचा. गोठवलेला."
त्यानं टोपी काढली
आणि कोणी गेल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला.

मग आम्ही घरी गेलो. चढ तोच, दम नवा.
मोरीत सहा दिवसांच्या बश्या.
टेबलावर माझी वही उघडी,
आणि कडेला त्याच्या जाड पेन्सिलीनं एक जादा रकाना :
दोघांचे, बाविसशे किलो.
एकटीचे, साडेसोळाशे.
फरक, साडेपाचशे.
त्याच्यापुढे काही नाही,
कपाच्या बुडाचा एक तपकिरी गोल,
आणि पुसून पुन्हा काढलेलं प्रश्नचिन्ह.

मी काही बोलले नाही. तोही नाही.
चहा उकळला, प्यालो.
बश्यांना मी हात लावला नाही, सुट्टीवर होते.
निघताना मात्र खुंटीवरचे त्याचे चार शर्ट
पिशवीत कोंबले.
"हे कशाला?"
"धुऊन आणते," मी म्हटलं, "इस्त्रीसकट.
पैसे भरलेत."