से, शे

शाळेच्या बोर्डावर रंगाऱ्याने लिहिलंय: ‘फ्रेच शिकवले जाईल.’
अनुस्वार राहिला.
ट्रस्टी म्हणाले, दिवाळीत बघू.

तोच राहिलेला अनुस्वार
मी तिसरी ‘ब’ला नाकातून काढायला लावते:
बों, पॅं, मॅं.
पत्र्याखाली चाळीस सर्दाळलेली नाकं,
पारोळ्यात इतकं फ्रेंच कधी वाहिलं नसेल.

‘र’ घशातून. उन्नती म्हणाली,
गुळण्या करताना येतो, मॅडम.
बरोबर, म्हटलं, तोच.

मग टेबलावर ठेवलं बाजारातलं वांगं,
हिरवं, भरताचं, देठाला काटे.
‘से त्यून ओबेर्झीन.’ म्हणा.

कुणी म्हणेना.
एकमेकांकडे बघत बसले.
शेवटच्या बाकावरून भटू उठला,
एक हात आधीच कानावर:
‘मॅडम, शे म्हनेल चालस का आते?’

फळ्याच्या कोपऱ्यात जूनपासून आहे,
माझ्याच अक्षरात, चौकट करून:
शे नाही, आहे.
एका ‘शे’ला एक रुपया.
(डब्यात सत्तावीस जमलेत, एकोणीस भटूचे.)
माझ्या वेळी रुपया नव्हता, पट्टी होती.
तेव्हापासून आईशी फोनवरसुद्धा
मी ‘आहे’च बोलते,
आणि ती जरा थांबून उत्तर देते,
पाहुण्यांना देतात तसं.

वांगं उचललं.
‘हाई काय शे?’
कुठून आलं कुणास ठाऊक,
पण चाळीस हात वर,
आणि देठाचा काटा बोटात गेलेला
तास संपल्यावर कळलं.

मधल्या सुट्टीत भटू आला.
डबा पुढे केला, खुळखुळ वाजवून.
‘मॅडम, तुमना एक रुप्या.’