चष्मा पिशवीत

फाटकाशीच विनिफ्रेडनं अडवलं.
पूर्वी पोस्टात होती. तिकीट कमी पडलेलं पाकीट बघावं
तशी तिनं मला मागून-पुढून पाहिली.
घड्याळ काढ. बुटाला चेन चालणार नाही.
आणि हा चष्मा,
बाराशे साली असलं काही नव्हतं गं बाई.

मी हेडलीकडं पाहिलं.
पिशवीत ठेव, तो म्हणाला, मी आहे ना.

उणे साडेसहा नंबर.
टेम नदीकाठचं अख्खं कुरण विरघळलं.
विजेचे खांब गेले,
टेकडीवरचा मोबाइलचा मनोरा गेला,
गाड्यांचा तळ म्हणजे नुसतं काहीतरी चकाकतंय.
तंबू तेवढे राहिले, पांढरे,
फुगायला झाकून ठेवलेल्या पिठासारखे.
या लोकांना जुना काळ उभा करायला
अठरा वर्षं लागली म्हणतात.

झगा हेडलीनंच शिवलेला.
हिवाळाभर टीव्हीसमोर बसून काहीतरी टाचत होता,
मला वाटलं, पडदे.
एकत्र राहायला लागून दहा महिने झालेत आम्हाला,
माणूस काय शिवतोय हे विचारायचं असतं
हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.
लोकर टोचते. मानेला, काखेत, जिथं सांगता येत नाही तिथंही.

सकाळी टूथब्रश शोधता शोधता म्हणाला,
आज मला अडीचला मरायचंय.
तू पातळ ढवळत राहा, जवाचं आहे, खाली लागतं.

अडीच वाजले असणार.
दोरीपलीकडं आइस्क्रीम खाणारी गर्दी ओरडली,
लोखंडावर लोखंड, कुणाच्या तरी आईचं नाव,
मग हिरव्यावर वीसेक राखाडी ढीग.
यातला माझा कुठला?
तलवारींना धार नसते हे मला ठाऊक होतं.
हा गडी एरवी लडलोच्या दुकानात टायर बदलतो, ठाऊक होतं.
तरी हातातला डाव थांबला
आणि मी एकेक ढीग मोजत सुटले,
कुठलाच त्याच्याएवढा वाटेना.

मग डावीकडून चौथ्याचा पाय हलला,
दोनदा, झटकन,
झोपेत हलवतो तसा.

जीव भांड्यात पडला.
भांडं तोवर करपलं होतं.
संध्याकाळी सगळे मेलेले रांगेत येऊन
तेच करपलेलं खाऊन गेले, एकानं दुसऱ्यांदा मागितलं.

रात्री गवताच्या गादीवर
त्यानं कमरेची चामड्याची थैली सोडली,
आतून इन्सुलिनचं पेन काढलं.
विनिफ्रेडला माहीत आहे म्हणाला,
ती त्या वेळी मुद्दाम शेकोटीकडं बघत बसते.
मग पोटाला चिमटीत धरत, उद्या ऊन पडेल अशा सुरात :
खऱ्या बाराशे साली असतो
तर चौदाव्या वर्षीच आटोपलो असतो.

मग येतोस कशाला इथं?

बराच वेळ बोलला नाही.
बाहेर कुणीतरी लाकूड फोडत होतं, नेम चुकत होता.
पाव बरा असतो इथला, म्हणाला,
आणि झोपला.

कंदिलात मेणबत्ती अजून बोटभर होती.
तपासायला आता कोण येणार?
मी पिशवी चाचपली, चष्मा घातला.
दाढीत गवताची काडी.
बरगडीवर ताजं काळंनिळं, बशीएवढं.
पोटावर सुयांचे जुने ठिपके,
हे मी दहा महिन्यांत इतक्या जवळून पाहिले नव्हते.

मग माझ्याच बाहीवर नजर गेली.
बारीक टाके, एकसारखे, मनगटापासून वर वर,
कोपरापाशी एकाएकी चार तिरके, सुटे,
पुढं पुन्हा सरळ.

तिथं बहुधा गोल झाला असावा.